न्हाणीतली देवळी आणि चार इंचीची भिंत

मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके काढून ऑक्टोबर २०२३ मध्ये नवा पांढुर्णा जिल्हा झाला. या वेळचे चारही प्रश्न त्याच जिल्ह्यातून आले आहेत आणि चारही एकाच विषयावर आहेत : बाथरूमच्या भिंतीतला कप्पा.

प्रश्न (पांढुर्णा) : आमचं जुनं घर मातीच्या भिंतींचं होतं. न्हाणीत हाताशी देवळी होती. आजी तीत शिकेकाईची डबी आणि वज्री ठेवायची, अंधार पडला की चिमणी. आता मागच्या अंगणात नवं बाथरूम बांधतोय. मुलीनं मोबाइलवर शॉवरशेजारी भिंतीतच बसवलेला, टाइल लावलेला कप्पा दाखवला. मिस्त्रीला विचारलं तर म्हणाला, "ताई, चार इंचीच्या भिंतीत आला निघत नसते." मातीच्या भिंतीत जे आजीच्या सासूच्या काळापासून टिकलं, ते सिमेंटच्या भिंतीत का जमू नये? मिस्त्री कामाचा कंटाळा तर करत नाही ना?

उत्तर : मिस्त्री खरंच बोलतोय, पण अर्धं. चार इंचीत आला "निघत" नाही, म्हणजे उभ्या भिंतीतून कोरून काढता येत नाही. तुमची भिंत अजून उभी व्हायची आहे ना? मग आला काढायचाच नाही, बांधायचा. या दोन क्रियापदांत सगळा फरक आहे.

आधी नावांचा घोळ मिटवू. आजीची देवळी, मिस्त्रीचा आला, पुण्याकडचा कोनाडा आणि टाइलच्या दुकानातला निश, सगळी एकाच खळग्याची नावं. देवळी म्हणजे छोटं देऊळ, कारण मूळचं काम दिवा नाहीतर देव ठेवण्याचं. १९५६ मध्ये राज्यं नव्यानं आखली गेली, नागपूर त्या वेळच्या मुंबई राज्यात गेलं आणि तुम्ही मध्य प्रदेशात राहिलात. त्यामुळे घरात मराठी देवळी आणि बांधकामावर हिंदी आला, अशी शब्दांची वाटणी तुमच्याकडे सुखानं चालते.

आता मूळ शंका. जुनी भिंत दीड-दोन फूट जाड असे. गावठाणाला आपण पांढरी म्हणतो आणि शेताला काळी. भिंतीला माती लागे ती पांढरीची, कारण काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा दोन फुटी भिंतीत आठ इंचांची देवळी सोडली, तरी मागे सव्वा फूट माती उरे. भिंत चढवताना तेवढी जागा रिकामी सोडायची, वर लाकडाची फळी टाकायची, झालं. खर्च शून्य.

पण जाडी हे अर्धंच कारण. आजी आंघोळ कशी करायची ते आठवा. पाटावर बसून, घंगाळातलं पाणी तांब्यानं अंगावर घेऊन. पाणी खांद्यावरून खाली यायचं, भिंत भिजली तर गुडघाभर. देवळी त्याच्या वर, कोरडी. चिमणी तिथे विझत नव्हती, यातच सगळं आलं. देवळी टिकली ती मातीच्या गुणानं नाही, तिच्यावर पाणी पडतच नव्हतं म्हणून. शॉवरचं तोंड साडेसहा-सात फुटांवर असतं आणि तो अंगाआधी भिंत धुतो. मुलीनं दाखवलेला कप्पा रोज पावसात उभा असतो. तेव्हा भिंतीइतकीच आंघोळही बदलली आहे.

पाण्याशेजारचे कोनाडे आपल्याकडे नवे नाहीत. मराठवाड्यातल्या बारवांच्या भिंतीत देवकोष्ठं असतात आणि भरल्या पावसाळ्यात त्यातली कितीतरी पाण्याखाली जातात. त्यांना काही होत नाही, कारण तो घडीव दगड आहे. आपल्याकडे वीट आहे. भट्टीची लाल असो की राखेची, ती पाणी पिते. म्हणून विटेच्या कोनाड्यात भिंतीची जाडी आणि पाण्याची वाट, दोन्हींचा हिशेब आधीच करावा लागतो.

जाडीचा हिशेब. बाथरूमची एकच भिंत नऊ इंची घ्या, बाकीच्या चार इंची राहू द्या. जिथे आला हवा तिथे मिस्त्रीनं पुढची वीट सोडायची आणि मागे एकेरी भिंत चालू ठेवायची. साडेचार इंचांची खोली आपोआप मिळते. छपाई, वॉटरप्रूफिंगचा थर, टाइलचा मसाला आणि टाइल मिळून आत एक इंच जातो, पण भिंतीच्या तोंडावरही तेवढाच थर चढतो, म्हणून साडेचार इंच जवळपास कायम राहतात. शांपूच्या मोठ्या बाटलीला एवढे पुरतात. रुंदी-उंचीत मात्र दोन्ही बाजूंनी एकेक इंच जाणार हे धरा. तयार आला बारा बाय बारा हवा असेल तर विटांत चौदा बाय चौदा सोडायला सांगा. वर कडप्प्याची पट्टी टाका, दोन्ही बाजूंना चार-चार इंच भिंतीत शिरलेली.

टाइल आधी ठरवा, आला नंतर. बारा बाय चोवीसची टाइल आडवी लावणार असाल तर आला बारा उंच आणि चोवीस रुंद घ्या, म्हणजे भिंतीचे सांधे आणि आल्याच्या कडा एका ओळीत येतात. नाहीतर चारही बाजूंना दोन-दोन बोटांच्या चिंधोट्या लागतात आणि सगळं काम ठिगळासारखं दिसतं.

कुठली भिंत? पश्चिमेची बाहेरची भिंत टाळा. पावसाळी झड त्याच अंगानं येते आणि आल्यामागची भिंत नेमकी पातळ असते. आतून-बाहेरून दोन्हीकडून भिजेल. नळाचे पाइप ज्या भिंतीत गाडणार तीही नको. शॉवरच्या समोरची भिंत सगळी धार अंगावर घेते, म्हणून शॉवरच्या बाजूची भिंत बरी. तुमचा भाग काळ्या मातीचा. जमीन हलली की भिंतीतल्या कुठल्याही भोकाच्या कोपऱ्यापासून तिरपी चीर निघते, खिडकीच्या कोपऱ्यांना पाहिली असेलच. म्हणून छपाईच्या वेळी आल्याच्या चारही कोपऱ्यांवर जाळीचा तुकडा तिरपा दाबायला सांगा.

उंची किती? फोटोतले आले छातीच्या उंचीवर असतात, कारण फोटोतली माणसं उभ्यानं आंघोळ करतात. तुमच्या घरी कोण कशी आंघोळ करतं ते आधी बघा. शॉवर लावला तरी बादली-मग सुटत नाही, आणि घरातलं वडीलधारं माणूस स्टुलावरच बसतं. बसल्या माणसाचा हात सव्वादोन-अडीच फुटांवर सहज पोचतो, उभ्याचा साडेतीन-चार फुटांवर. नऊ इंचीची भिंत घेतलीच आहे तर एकाखाली एक असे दोन आले सोडा. जास्तीच्या विटा तर लागत नाहीतच, उलट वाचतात.

पाण्याचा हिशेब. टाइल लावली म्हणजे पाणी अडलं, असं बहुतेकांना वाटतं. टाइल अडवते, सांधे अडवत नाहीत. सिमेंटच्या ग्राउटमधून पाणी हळूहळू आत जातंच. खरं पाणी अडवायचं ते टाइलच्या मागे. छपाई करताना आल्याचे आतले कोपरे काटकोनात न ठेवता बोट फिरवून गोल करून घ्या. तराई पूर्ण होऊ द्या. उन्हाळ्यात काम काढलं असेल तर दिवसातून तीन-चारदा पाणी मारा, नाहीतर छपाई वाळण्याऐवजी करपते. मग पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटचे दोन हात : पहिला आडवा, दुसरा उभा, मध्ये डब्यावर लिहिलेला वेळ सोडून. कोपऱ्यांत पहिल्या हाताबरोबरच जाळीची पट्टी. हा थर आल्याच्या तोंडाशी थांबवू नका, बाहेरच्या भिंतीवर किमान फूटभर न्या. सगळी भिंत झाली तर उत्तमच.

टाइल लावण्याचा क्रम कवेलूच्या घरात वाढलेल्या माणसाला शिकवावा लागत नाही : वरच्याचं पाणी खालच्यावर पडलं पाहिजे, खालच्याच्या मागे नाही. आधी मागची टाइल, मग तळ, मग तळावर टेकलेल्या बाजूच्या टाइल. तळाला टाइलचे तुकडे जोडू नका. ग्रॅनाइटची एकच अखंड पट्टी टाका, भिंतीच्या जरा बाहेर आलेली. आणि तिला बाहेरच्या बाजूला उतार द्या. चार इंचांत एक सूत पुरे.

या एका सुतासाठी मी स्वतः मार खाल्ला आहे. माझ्या घरी कोनाडा केला तेव्हा मीच मिस्त्रीच्या डोक्यावर उभा राहून बजावलं होतं, "एकदम लेव्हलमध्ये पाहिजे." त्यानं स्पिरिट लेव्हल ठेवून दाखवली, बुडबुडा बरोब्बर मधोमध. मी खूश. महिनाभरात साबणाचा लगदा व्हायला लागला, कारण पाणी तळावरच बसून राहायचं. वर्षभरानं मागच्या खोलीत रंगाला फुगा आला, कोनाड्याएवढाच, जणू कोणी पलीकडून त्याचा छाप मारला होता. मिस्त्रीनं मी सांगितलं तेच केलं होतं. चूक माझ्या तोंडची होती.

तुमच्याकडे तपासणीची सोपी रीत आहे. मसाला ओला असतानाच तळाच्या पट्टीवर मुलांची काचेची गोटी ठेवा. ती आपण होऊन बाहेर आली पाहिजे. थांबली तर पट्टी उचलून पुन्हा बसवायला लावा, तेव्हा पाच मिनिटांचं काम असतं. गोटी झेलायला हात मात्र खाली धरा. गोटमारीच्या, म्हणजे दगडफेकीच्या जत्रेच्या गावाला हे मी काय सांगावं!

प्रश्न (सौंसर) : आमचं बाथरूम चार वर्षांपूर्वीच झालं, चारही भिंती टाइलसकट तयार आहेत. आता आला करायचा तर टाइल फोडून करता येईल का?

उत्तर : आधी भिंतीची जाडी मोजा. दाराच्या चौकटीपाशी कळेल. चार इंची निघाली तर छिन्नीला हात लावू नका. विटांच्या भिंतीत नुसती पाइपची खाच मारायची तरी मानकाप्रमाणे उभी खाच जाडीच्या एक तृतीयांशाहून खोल आणि आडवी एक षष्ठांशाहून खोल नसावी. साडेचार इंचांत त्याचे होतात दीड इंच आणि पाऊण इंच. एवढ्यात साबणाची वडीही धड बसायची नाही. काही जण भिंत आरपार फोडतात आणि मागून पातळ फरशी लावून बंद करतात. पलीकडच्या खोलीत त्या फरशीवर कोणी खिळा ठोकेपर्यंत ते टिकतं.

चार इंचीसाठी दोन मार्ग आहेत. नळाच्या भिंतीला लागून साडेतीन फूट उंचीची दुसरी चार इंची भिंत चढवायची. तिच्या माथ्यावर ग्रॅनाइट टाकलं की भिंतभर लांब फळी मिळते, पोटात हवे तेवढे आले सोडता येतात आणि उघडे पाइपही झाकले जातात. बाथरूमची रुंदी पाच-सहा इंचांनी घटते, म्हणून आधी खडूनं जमिनीवर रेघ मारा आणि आत स्टूल ठेवून बसून बघा. कोपर भिंतीला लागत असेल तर हा नाद सोडा. दुसरा मार्ग गरिबाघरचा, पण सगळ्यांत खात्रीचा : कोपऱ्यात टाइलचा सांधा कापून कडप्प्याचा त्रिकोणी तुकडा बसवायचा. भिंत पोखरली जात नाही, आणि बिघडलाच तर तुकडा काढता येतो.

भिंत नऊ इंची असेल तर आला होईल, पण घाई नको. कॉलम-बीम आणि बीमच्या लगतची जागा सोडा. फ्रेम नसलेलं, भिंतींवरच स्लॅब असलेलं घर असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय काहीच नको. पाइप आणि वायर कुठून गेल्यात ते प्लंबरकडून खूण करून घ्या. घण घालून फोडू नका. आधी ग्राइंडरनं चारही बाजू कापा, वरची कडप्प्याची पट्टी बसवा, मगच आतल्या विटा सोडवा.

आणखी एक गोष्ट बहुतेक कामांत राहून जाते. नवा थर लागतो फक्त आल्याच्या आत आणि जुन्या टाइलच्या काठाशी येऊन संपतो. पाणी नेमकं त्या काठातून शिरतं. म्हणून आल्याभोवतीची टाइलची एक ओळ काढा, थर खालच्या छपाईवर न्या आणि मग टाइल परत लावा. त्याच टाइल आता दुकानात मिळणार नाहीत. तेव्हा मुद्दाम वेगळ्या रंगाच्या लावा, चौकट केल्यासारखी दिसेल.

प्रश्न (पांढुर्णा) : आमच्या आल्याच्या तळावर आणि सांध्यांत पांढरा थर बसतो. घासला की जातो, आठ दिवसांत परत. संत्र्याचा रस, लिंबू, व्हिनेगर असे उपाय लोक सांगतात. करावे का?

उत्तर : पांढरं दिसलं तरी रोग दोन वेगवेगळे असू शकतात. तळावर, बाटल्यांच्या बुडाभोवती गोल कडी उमटत असेल तर तो बोअरच्या जड पाण्याचा क्षार. पाणी उडून जातं, त्यातला चुना मागे राहतो. इथे पाणी बसतंय, एवढाच त्याचा अर्थ. वर सांगितलेली गोटी तुमच्या तळावर ठेवून बघा. पण पांढरं सांध्यांतून भुकटीसारखं बाहेर येत असेल किंवा मागच्या खोलीत छपाई लोणा लागल्यासारखी झडत असेल, तर पाणी टाइलच्या मागे पोचलं आहे. त्याला घासून उपयोग नाही.

पहिल्या रोगाला आंबट उपाय चालतो, कारण आम्ल चुन्याला विरघळवतं. पण ग्राउटमध्येही सिमेंटच असतं, तेही त्याच आम्लात विरघळतं. रोज लिंबू चोळलंत तर डागाबरोबर सांधाही रिकामा होईल. तळाला संगमरवर असेल तर आंबट काहीच लावू नका, पहिल्याच दिवशी चकाकी जाईल. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, व्हिनेगरात तेवढंच पाणी मिसळून, पाच मिनिटं ठेवून भरपूर पाण्यानं धुवा. संत्र्याच्या पट्ट्यात राहता, तर रस प्या आणि सालीनं तळ पुसा. सालीतलं तेल साबणाचा चिकटा सोडवतं. आंघोळीनंतर एकदा फडकं फिरवायची सवय मात्र कुठल्याही औषधापेक्षा मोठी.

दुसऱ्या रोगाला दुरुस्तीच लागते. आतले कोपरे खरवडून तिथे ग्राउटऐवजी सिलिकॉन भरा, कारण दोन भिंती जिथे भेटतात तिथे थोडी हालचाल होत राहते आणि कडक ग्राउट चिरतं. उरलेल्या सांध्यांत इपॉक्सी ग्राउट घाला. ते महाग असतं आणि लवकर आवळतं, म्हणून थोडं थोडं कालवून लगेच पुसणारा कारागीर हवा. सहा महिन्यांत पांढरं परत आलं, तर तळाची पट्टी उचलून थरापासून सुरुवात.

प्रश्न (सौंसर) : मुलाला आल्यात लाइटही पाहिजे. पाण्याच्या जागी वीज खेळवणं बरोबर आहे का?

उत्तर : हौस जुनी आहे. काश्मीरच्या शालिमार बागेत पाण्याच्या पडद्यामागे दगडात छोट्या कोनाड्यांच्या ओळी आहेत, चिनीखाना म्हणतात त्यांना. दिवसा त्यांत फुलं, रात्री दिवे ठेवायचे, म्हणजे उजेड पडत्या पाण्यातून दिसे. तुमच्या मुलाला हवं आहे ते बादशहाला सुचलेलंच आहे.

करायचं तर बारा व्होल्टची पट्टी वापरा, २३० ची नाही. पट्टीवर आयपी ६७ लिहिलेलं असावं. तेवढी पट्टी थोडा वेळ पाण्यात बुडाली तरी चालते. व्होल्टेज उतरवणारा डबा बाथरूमच्या बाहेर, आणि घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असलाच पाहिजे. लाइट नसला तरी तो असावाच, तुमच्याकडे गिझर असेल ना? पट्टी आल्याच्या छताला पुढच्या काठामागे लपवा, तळाला नको. आणि वायरची नळी भिंतीत गाडली जाते, तेव्हा हे छपाईच्या आधीच ठरवा. नंतर आठवलं तर वॉटरप्रूफिंगच्या थराला भोक पाडावं लागेल आणि एवढी मेहनत त्या भोकातून वाहून जाईल.

नाहीतर आजीची रीत आहेच : दिवा कोरड्या देवळीत, पाणी खाली. दाराच्या बाहेरच्या अंगाला, झडीपासून आत, एक देवळी सोडा. वीज गेली की तिथे मेणबत्ती ठेवता येईल. तिला वॉटरप्रूफिंग लागत नाही, ग्राउट लागत नाही, आणि तिच्यात गोटी थांबली तरी चालते.